आत्याचा कॅन्सर आणि बहिणीचा कॅन्सर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकलं असेल तर तुम्हीच सांगाल. तुम्ही डोंबिवलीला, बहीण गुहागर तालुक्यात सासरी, वय ४२. डाव्या स्तनात तीन सेंटीमीटरची गाठ. काखेतली एक गाठ सुईने तपासली, तीही पॉझिटिव्ह, म्हणजे तिच्यातही कॅन्सर. रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आणि ‘केआय-६७ : ७० टक्के’ (हे शब्द पुढे उलगडते). तुमच्या आत्याला २०१३ मध्ये, ४९व्या वर्षी स्तनाचाच कॅन्सर झाला होता. चार सेंटीमीटरची गाठ, काखेत पाच गाठी, म्हणजे तिसरी स्टेज. तिचा हार्मोन पॉझिटिव्ह होता. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), पाच वर्षं गोळी असं सगळं करून ती आज आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला बसते. मग तुम्ही विचारता, की आत्या तिसऱ्या स्टेजला असून तरली, तर बहीण दुसऱ्या स्टेजला असताना डॉक्टरांचा चेहरा का पडला? कोणता प्रकार जास्त वाईट? आणि घरचे म्हणताहेत की ग्रामदेवतेला कौल लावू, गणपती होऊन जाऊ देत, मग केमो सुरू करू, ते चालेल का?

जाता जाता तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे. आत्याची तब्येत ठणठणीत, फक्त तीन महिने कंबर धरली आहे, वयामुळे असेल. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. तिच्याकडे शेवटी येते.

मी कॅन्सरची सर्जन. परळला शिकले आणि गेली अठरा वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बायका तपासते आहे. तुमच्या बहिणीला मी पाहिलेलं नाही. पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टावरून सांगते आहे. छाती-पोटाच्या स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे काही निघालं, तर हिशेब पार बदलेल.

वेंगुर्ल्याकडच्या एका आजींनी मला एकदा सरळ विचारलं होतं, ‘‘डॉक्टरीणबाई, ह्यातलो बरो खयचो?’’ मी म्हटलं, ‘‘आजी, तुमचोच.’’ ते खरंही होतं. त्यांची गाठ म्युसिनस प्रकारची, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हळू वाढणारी होती. वयस्क बायकांत हा प्रकार दिसतो आणि बहुधा सौम्य वागतो. पण सगळ्यांना असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. तुमच्या बहिणीला तर नाहीच.

प्रकार कशावरून ठरतो ते आधी पाहू. गाठीच्या तुकड्यावर तीन गोष्टी रंग लावून तपासतात : इस्ट्रोजेनचा रिसेप्टर (ते हार्मोन झेलणारी पेशीतली जागा), प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर आणि हर-टू नावाचं प्रथिन. पहिल्या दोहोंपैकी एक जरी असला, तरी तो कॅन्सर बाईच्या स्वतःच्या हार्मोनवर पोसला जातो. ते हार्मोन गोळीने अडवलं की त्याची रसद तुटते. आत्याची गोळी ती हीच. हर-टू जास्त असेल तर त्यावर नेमकं बसणारं इंजेक्शन आहे. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. म्हणजे या प्रकाराला नाव मिळालं आहे ते त्याच्याकडे काय नाही त्यावरून. इथे गोळीही चालत नाही आणि हर-टूचं इंजेक्शनही. मुख्य भिस्त केमोवर. डॉक्टरांचा चेहरा पडला तो यासाठी. भारतात हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, आणि तोही तरुण बायकांत. माझ्या ओपीडीत चाळिशीच्या आतबाहेरची बाई आली की हा शब्द रिपोर्टात दिसेल, अशी मनाची तयारी मी आधीच ठेवते.

आता आकडे. अमेरिकेतल्या कॅन्सर-नोंदींनुसार निदानानंतर पाच वर्षांनी हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह प्रकारातल्या शंभरातल्या सुमारे ९५ जणी हयात असतात. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर ९१च्या आसपास, फक्त हर-टू असेल तर ८६च्या आसपास आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये ७८च्या आसपास. (इतर कारणांनी होणारे मृत्यू यातून वगळलेले असतात.) नुसतं एवढं वाचलं की उतरंड सरळ दिसते. पण ट्रिपल निगेटिव्हचीच स्टेजप्रमाणे फोड केली, तर गाठ स्तनापुरती असताना ९२, काखेत गेलेली असताना ६७ आणि फुप्फुस-यकृतात पोचल्यावर १५. म्हणजे एकाच प्रकाराच्या पोटात ९२पासून १५पर्यंतचं अंतर आहे, आणि प्रकाराप्रकारांतलं अंतर त्यामानाने किरकोळ. ओपीडीत कुणी मला ‘प्रकार कोणता’ आणि ‘स्टेज कोणती’ यांपैकी एकच सांगेन म्हटलं, तर मी स्टेज विचारेन.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, हे विसरू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत भारतातल्या स्तनाच्या कॅन्सरचा पाच वर्षांचा आकडा, सगळे प्रकार मिळून, ६६च्या आसपास होता आणि अमेरिकेचा ९०. आपल्याकडचा कॅन्सर काही वेगळ्या जातीचा नाही. आपल्या निम्म्याहून जास्त बायका तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येतात आणि बऱ्याच जणी उपचार मध्येच सोडतात. भातलावणी आली, मुलीची दहावी आली, कुळथाची मळणी आली, की तिसऱ्या केमोनंतरची बाई थेट दिवाळीत दिसते. मी हे चेष्टेने लिहीत नाही. घर तिच्यावर चालत असतं.

तुमच्या बहिणीच्या खान्यात ६७ येतो म्हणून घाबरू नका. त्या खान्यात दुसऱ्या स्टेजबरोबर तिसऱ्या स्टेजच्याही बायका आहेत, आणि उपचार अर्धवट सोडलेल्याही. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या ट्रिपल निगेटिव्हवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात नुसती चांगली केमो घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८२ टक्के आणि केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लावणारं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के हयात होत्या. अभ्यासात धडधाकट बायकाच घेतात, तेव्हा हा आकडाही जरा गुलाबी. तुमची बहीण ६७ आणि ८७ यांच्या मध्ये कुठेतरी. नेमकी कुठे, ते पुढच्या सहा महिन्यांत ठरेल, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

आत्याची आणि बहिणीची तुलना चुकते ती वेळेच्या हिशेबात. ट्रिपल निगेटिव्ह परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत येतो. पाच वर्षं नीट गेली की परत येण्याची भीती खूपच कमी होते. हर्णैच्या एका कोळीणबाईंना मी हे समजावत होते, तर त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजे नारली पुनवेपर्यंत होडी वर ओढून ठेवायची, मग दर्या आपला.’’ याहून बरं मला सांगता आलं नसतं. हार्मोन पॉझिटिव्हचा दर्या मात्र जूनमध्ये खवळत नाही आणि ऑगस्टमध्ये पुरता शांतही होत नाही. पाच वर्षं गोळी घेऊन ठणठणीत राहिलेल्या बायकांचा पुढे वीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला आहे. गाठ दोन ते पाच सेंटीमीटर आणि काखेत चार ते नऊ गाठी, म्हणजे तुमच्या आत्यासारखं असेल, तर पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान शंभरातल्या सुमारे ४१ जणींचा रोग दुसऱ्या अवयवात परत आला होता. पाच वर्षांच्या आकड्यात हार्मोन पॉझिटिव्ह इतका गोड दिसतो, कारण त्याचं उशिराचं येणं त्या आकड्यात धरलेलंच नसतं.

हर-टू तुमच्या घरात कुणाला नाही, तरी त्याचं थोडं सांगते, कारण ‘वाईट प्रकार’ हा शब्द किती कच्चा आहे ते त्यावरून कळतं. १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ज्या गाठीत हर-टूच्या जनुकाच्या जादा प्रती असतात ती गाठ लवकर परत येते. तेव्हा हा सगळ्यांत वाईट म्हणायचा प्रकार होता. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला, म्हणजे वर म्हटलेल्या हर-टूच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली. सुरुवातीच्या स्टेजमध्येही ते दिल्याने रोग परत येणं जवळजवळ निम्म्यावर येतं, हे २००५ मध्ये दिसलं. २०१४ पासून भारतात बनलेलं स्वस्त ट्रास्टुझुमॅब मिळू लागलं आणि माझ्यासारखीला ते खेडेगावातल्या बाईला लिहून देणं शक्य झालं. त्याआधी मी चिठ्ठीवर नाव लिहायची आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. गाठ तीच राहिली, औषध मिळालं, आणि उतरंडीतली तिची जागा बदलली.

आता रिपोर्टाबद्दल, कारण ‘निगेटिव्ह’ हा शब्द कधी कधी बाटलीमुळेही पडतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाठ आली. काढली होती दुसऱ्या एका ठिकाणी, तीही आधी तुकडा न तपासता. खोकल्याच्या औषधासारखी अरुंद तोंडाची बाटली, आत पेरूएवढी गाठ कोंबलेली, फॉर्मेलिन (गाठ टिकवायचं द्रावण) जेमतेम गाठ भिजेल एवढंच. शनिवारी काढलेली गाठ मंगळवारी पोचली. कापली तर कडेला राखाडी आणि घट्ट, मधोमध मात्र गुलाबी, पिचपिचीत. तिथवर फॉर्मेलिन पोचलंच नव्हतं. मधल्या भागावरची तपासणी ट्रिपल निगेटिव्ह आली. आमच्या पॅथॉलॉजिस्टना शंका आली, त्यांनी कडेचा भाग पुन्हा रंगवला, तर इस्ट्रोजेन रिसेप्टरला आठपैकी सात गुण, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह. त्या बाई पुढे गोळीवर गेल्या. गाठ काढल्यापासून तासाभरात, गाठीच्या कितीतरी पट फॉर्मेलिनमध्ये, काप देऊन बुडवायची असते. आपल्या तालुक्यातालुक्यांतून हे सगळीकडे होतंच असं नाही.

बहिणीची तपासणी जाड सुईने काढलेल्या तुकड्यावर झाली असेल, तर अशी चूक होण्याचा संभव कमी, कारण ते धाग्यासारखे तुकडे लगेच भिजतात. तरी दोन गोष्टी विचारा. तुकड्यात शेजारची निरोगी दूधनलिका होती का, आणि तिच्यावर रंग चढला होता का? निरोगी नलिका तपकिरी आणि कॅन्सर कोरा असेल तर निगेटिव्हवर विश्वास ठेवा. आणि हर-टूपुढे नेमकं काय लिहिलं आहे? ०, १+, २+ की ३+? २+ असेल तर ‘फिश’ची, म्हणजे हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजायची तपासणी झाल्याशिवाय ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणता येत नाही. तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आणि त्याच्या काचा लॅबकडे असतात. त्या मागून घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवा. त्याला आठवडा लागतो, आणि तेवढ्यात स्कॅन, हृदयाची टूडी-इको वगैरे उरकून जातं.

केआय-६७ ७० टक्के म्हणजे पेशी झपाट्याने दुणावताहेत. ऐकायला भयंकर वाटतं. पण केमोचा घाव बसतो तो दुणावणाऱ्या पेशींवरच. त्यामुळे अशी गाठ केमोला बहुतेकदा चांगली विरघळते.

यावरूनच क्रमाचं. सासरचे म्हणतील, गाठ आत ठेवून केमो कसली देता, आधी कापून टाका. या स्टेजच्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये मी आधी केमोच देते. गाठ जागेवर असली की औषध लागू पडतंय की नाही ते बोटांना कळतं. आणि ऑपरेशनच्या वेळी स्तनात आणि काखेत जिवंत पेशी एकही उरलेली नसेल, तर ते फार मोठं शुभवर्तमान असतं : वर सांगितलेल्या अभ्यासात अशा बायकांपैकी पाच वर्षांनी सुमारे ९५ टक्के हयात होत्या, मग इम्युनोथेरपी घेतलेली असो वा नसो. पेशी उरल्याच तर पुढे कॅपेसिटाबीन नावाची गोळी देतात. तिनेही आकडा सुधारतो आणि ती परवडणारी आहे. आधी ऑपरेशन केलं तर हे काहीच कळत नाही. केमोत कार्बोप्लॅटिन घालायचं का, हेही डॉक्टरांना विचारा. टाटा हॉस्पिटलमध्ये झालेल्या अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांना त्याचा फायदा दिसला, आणि ते औषध स्वस्त आहे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या एकेका डोसची किंमत लाखांच्या घरात जाते. परवडलं तर उत्तम, नाही तर जमीन विकायला निघू नका. कार्बोप्लॅटिनसह वेळेवर पूर्ण केलेली केमो ही काही दुय्यम प्रतीची गोष्ट नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन आणि शेक बसतात. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी बरोबर न्या.

आणि गणपती. सात-आठ दिवस इकडचे तिकडे झाले तर चालतात. दोन महिने चालणार नाहीत. आज तीन सेंटीमीटर असलेली, ७० टक्के केआय-६७ची गाठ दोन महिन्यांत कुठे पोचेल ते मला बघायचं नाही. आत्ता सुरू केलं तर गणपतीपर्यंत दोन-तीन डोस होतील. तारखा आधी सांगितल्यात तर डॉक्टर चार दिवस मागेपुढे करून चतुर्थीला तिला घरी ठेवतील. मी दरवर्षी करते. मोदक वळेल, आरतीला उभी राहील. फक्त गर्दीची जबाबदारी जावांनी घ्यायची. कौल जरूर लावा. मात्र देवीला ‘सुरू करू की नको’ असं विचारू नका. ‘सुरू करतोय, सुखरूप पार पाड’ असं गाऱ्हाणं घाला.

केमोत पावसाळा ही मात्र खरी काळजी आहे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप १००.४च्या वर गेला तर क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर, आणि वाशिष्ठी फुगली की रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. जुलै २०२१ मध्ये अर्धं चिपळूण पाण्यात होतं, तेव्हा माझी एक बाई नवव्या दिवशी तापली आणि पलीकडे अडकली. तालुक्याच्या एका तरुण डॉक्टरने फोनवर माझ्याशी बोलत बोलत तिला पहिले दोन डोस दिले, म्हणून ती वाचली. तेव्हा आधीच गावाजवळचा असा डॉक्टर गाठून ठेवा, त्याला केमोचा कागद दाखवून ठेवा, थर्मामीटर घरात ठेवा. शक्य असेल तर ते आठ दिवस तिला चिपळुणात नाहीतर तुमच्याकडे डोंबिवलीला राहू दे.

आणखी एक. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, म्हणून ‘बाईचा रोग बापाकडून कसा येईल’ असं घरात कुणी म्हणेल. येतो. बीआरसीए जनुकातला दोष, ज्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तो बापाकडूनही तितकाच उतरतो. ४२व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह झाल्यावर ही रक्ततपासणी करायलाच हवी, मग आत्या असो नसो. दोष निघाला तर बहिणीच्या औषधांत आणि ऑपरेशनात फरक पडतो. आणि मग तुमचीही तपासणी करावी लागेल, कारण तुम्हाला मुली असतील तर गोष्ट त्यांच्यापर्यंत जाते.

आता आत्याची कंबर. साठी ओलांडलेली, खाली बसून पेट्या भरणारी बाई. कंबर दुखण्याची शंभर साधी कारणं असतील, आणि बहुधा त्यातलंच एक निघेल. पण हार्मोन पॉझिटिव्ह उशिरा परतला तर बहुतेकदा आधी हाडात जाऊन बसतो, आणि पाच गाठींची बाई बाराव्या वर्षीही त्या ४१च्या हिशेबाबाहेर गेलेली नसते. रात्री कूस बदलताना दुखतं का? विश्रांती घेऊनही कमी होत नाही का? दिवसेंदिवस वाढतंय का? यांतल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असलं तर बोन स्कॅन आणि रक्ततपासण्या करून घ्या. उत्तर ‘नाही’ असलं तरी तीन महिने झाले आहेत, निदान एकदा दाखवा. पायात जोर कमी वाटला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी. आणि समजा काही निघालंच, तर तेही जग आता बदललं आहे. हाडापुरता असलेला हार्मोन पॉझिटिव्ह रोग गोळ्यांवर वर्षानुवर्षं राहतो. पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या २०२३ पासून भारतीय कंपन्यांनी काढल्या आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाल्या.

‘‘मला काय धाड भरलीय?’’ म्हणून ती यायची नाही. तिला बहिणीच्या सोबतीला म्हणून गाडीत बसवा आणि तिथे पोचलात की तिचाही केसपेपर काढा.